उस्त-बार्गुझिनमध्ये लायब्ररी बसवताना

मागच्या खोलीत, ड्रिलच्या दांड्या भिंतीला टेकवलेल्या असतात तिथे,
दारिमा सकाळपासून एका खिडकीशी बोलते आहे.
खिडकी काळी, अक्षरं पांढरी.
दुसरी खिडकी बैकाल सरोवराकडे. तिच्यात सगळं उलटं:
पांढऱ्यावर काळे चार ठिपके,
भोकाशी गळ टाकून बसलेली माणसं.

फाईल एकच आहे. तिच्यात सत्तावीस हिवाळे,
बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये.
नवं मशीन म्हणतं, मला ही वाचता येत नाही,
लायब्ररी बसवा.
लायब्ररी म्हणते, आधी गाठोडं सोडणारी दुसरी आणा.
दुसरी येते, आणि म्हणते
माझ्या हेडर फाइली मागेच राहिल्या.
डाउनलोड पंचेचाळीस टक्क्यांवर. तिथंच घोडं पेंड खातंय.

झोरिग्तो गाडी चालूच ठेवून आत येतो;
उणे एकतीसमध्ये बंद केली तर उद्यापर्यंत लागायची नाही.
"एका लायब्ररीला एवढा वेळ?
गावातली आम्ही दोन दिवसांत उभी केली.
कपाटांसकट."

ती मान वर करत नाही.
मशीन पासवर्ड विचारतं.
टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही,
हातमोज्याच्या आत बोटं मोजावीत तसं.

मग ओळी धावत सुटतात.
मधूनमधून वॉर्निंग. ती त्या जाऊ देते.
बर्फ कुरकुरतोच, इनोकेंती पावलोविच म्हणायचा,
गप्प झाला की परत फिरा.
नंतर चाचण्या. पास. पास. पास.
पुढे पहार आपटत, मागून पाऊल.

सगळं बसलं.
ती फाईल उघडायला जाते, आणि उत्तर येतं:
लायब्ररी सापडत नाही.

"आत्ताच तर बसवलीस," झोरिग्तो म्हणतो.
बसली आहे. घरातच आहे.
फक्त आल्याची वर्दी कुणी दिलेली नाही.
एका शब्दाची कमांड. एंटर.

आकडे.
एकाखाली एक, त्याच्या हाताने घेतलेले,
एकशे चार, एकशे नऊ, सत्त्याण्णव,
आणि एका मार्चमध्ये, सहाव्या ठिकाणी,
उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.

म्हणजे इथे काही मोजलेलं नाही.
अशा जागा आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून काढतात;
त्याचं फंक्शन तिच्याकडे तयार आहे.
पण फाइलीच्या पोटात एक टिपण निघतं,
इतकी वर्षं कुणी न उघडलेलं:
"सहावर ड्रिल लावलं नाही.
खाली नेर्पाचं पिल्लू आहे. आवाज येतो.
पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यातही तोच आकडा आहे.
त्याच्या पुढच्याही.

झोरिग्तो वाकून वाचतो, सावकाश, ओठ हलवत.
मग टोपी घालतो.
"सहावं म्हणजे कुठलं गं? त्या खडकाजवळचं?"
बाहेर गाडी घरघरते आहे.
दारिमा फंक्शनची ती ओळ खोडते
आणि कोट शोधू लागते.