तिसरी पाळी

किसननगरात, दुसऱ्या मजल्यावर
सकाळी आठला डबी ओरडते.
हे अर्धवट झोपेत उशाखाली चाचपतात
हजेरीचं कार्ड.

छत्तीस वर्षं वागळे इस्टेटच्या भोंग्यावर
उठले, जेवले,
माझ्याशी भांडले तेही भोंगा होईपर्यंतच.
आता लेकीनं हैदराबादहून डबी पाठवलीय.
खण उघडला की आवाज थांबतो
आणि तिच्या फोनवर हिरवी खूण उमटते.

पहिली पाळी रक्तदाबाची.
दुसरी साखरेची, जेवणाआधी.
तिसऱ्या पाळीला अर्धीच गोळी,
ती मी रविवारी सुरीनं तोडून ठेवते, सात तुकडे,
एखादा हमखास ओट्याखाली जातो.

माझ्या गोळ्यांना डबी नाही.
ह्यांची वाजली की माझी घेते,
बिनहजेरीची.

परवा रात्री नऊला वाजायला लागली
ती थांबेचना.
शेजारच्या सुलभाताई दारात,
लेकीचे तीन मिसकॉल.
मी ओल्या हातांनी धावले
तर हे खुर्चीत ताठ बसलेले,
पाण्याचा पेला भरलेला,
बोट झाकणावर.

"अहो, उघडा ना!"

"वाजू दे गं जरा.
कंपनीत शेवटचा भोंगा झाला
त्या दिवशी मी रजेवर होतो."