पंधरा आठवड्यांचा तक्ता

रायबंदरच्या धक्क्यावर फेरी यायची होती.
नेवगी सरांनी बॅगेतून तक्ता काढला :
पंधरा आठवडे, चार श्रेयांक,
आठवा आठवडा – समुदायाला भेट.
मी म्हटलं, सर, आत ठेवा,
वाऱ्यानं जाईल.

माझं काम तसं एवढंच.
विद्यापीठाच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर
झेरॉक्सच्या खोलीला लागून बसते मी.
शिक्षक येतात, खुर्ची ओढतात, विचारतात,
गावासोबत शिकवायचं तर सुरुवात कुठून?
मी त्यांच्या पायांकडे बघते
आणि चपला बदलून यायला सांगते.

चोडणच्या खाजणात पिएदाद बांधावर उभी,
कूळ-संघाची सचिव,
काखेत मानशीच्या दाराची फळी.
'तुमकां कितें जाय?'
सर म्हणाले, नाही नाही, आम्हाला काही नको,
आम्ही मदतीला –
'मग आयल्यात कित्याक?'

घरी तिनं बिस्किटांचा डबा उघडला.
सात व्हिजिटिंग कार्डं. एक कोरी प्रश्नावली.
कुणा मुलीचा पासपोर्ट फोटो, विसरून गेलेली.
तीनदा मोजून झालंय म्हणे हे खाजण.
'बाटल्यांतून आमचं पाणी नेलं,
उत्तर काही आलं नाही.'

मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.
त्यातलं एक कार्ड
माझ्या खात्याचं होतं.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
सोल कढीचे पेले आले.
कोपऱ्यातून लिगोर बाब,
चाळीस वर्षं मानस उघडणारे-मिटणारे, म्हणाले,
बार्ज गेलं की लाट बांधाला थापटते.
एका बार्जमागं किती थापा?
रात्री किती, दिवसा किती?
खेकड्यांची भोकं त्याच बाजूला का जास्त?
कुणी मोजलंय?

सर संख्याशास्त्राचे.
मी त्यांना पहिल्यांदा
पुढे सरकून बसताना पाहिलं.

आणि तिथून सगळं अडत गेलं.
मोठी भरती अमावास्येला,
अमावास्या अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात.
'परीक्षा सरकवता येत नाही,' सर म्हणाले.
'भरतीचंही तसंच आहे,' पिएदाद म्हणाली.
रात्री मुली बांधावर कशा येतील,
टॉर्च कुणाचे, साप निघाला तर,
डिसेंबरात सत्र संपलं आणि जानेवारीत बांध फुटला तर
फोन कुणाला करायचा?
माझ्या अर्जात या कशालाच रकाना नाही.
बारा कार्यशाळा घेतल्यात मी त्या अर्जावर.

'गुण कोण देणार?'
मीच, सर म्हणाले.
'आणि मुलगा फावडं धुऊन न ठेवताच गेला तर?
ते तुम्हाला कसं कळणार?'
सरांनी तक्ता उलगडला,
कडेला उभी रेघ मारायला गेले, पेन चालेना.
तिनं मानशीच्या मासळीचा हिशेब ठेवायचं
आपलं पेन दिलं.
रेघ वाकडी आली. राहू दिली.
दहा गुण पिएदादचे.
ती म्हणाली, वीस.
पंधरावर ठरलं.

उठता उठता लिगोर बाबांनी विचारलं,
लिहून आणणार ते कुठल्या अक्षरांत?
मी मिसेच्या पुस्तकाची अक्षरं वाचतो, रोमी.
तुमची इंग्लिश नको, देवनागरीही नको.
सर म्हणाले, मला रोमी कोंकणी लिहिता येत नाही.
'मग शिकात,' म्हातारा म्हणाला,
रागानं नाही,
भोक दिसलं की चिखल मागावा तसं.

परतीच्या फेरीत सर कठड्याशी उभे.
बांध हा शब्द रोमीत कसा लिहायचा?
मला येत नव्हतं.
शेजारी सायकल धरून एक शाळकरी मुलगी,
तिनं त्यांच्या तळव्यावर लिहून दिलं,
मग ओठांत म्हणून पाहिलं, एक अक्षर खोडलं,
पुन्हा लिहिलं.

तक्ता बॅगेतच होता.
मागं एक बार्ज गेलं.
सर मोजू लागले, एक, दोन,
आणि चौथ्या थापेला
फेरी धक्क्याला लागली.