झिबल पोस्टमन कुठे गेला

धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात
मी थेंब टाकते.
दर दहा मिनिटांनी, तीनदा.
डोकं मागे, वर पाहा, मिटा, चोळू नका.
मे महिना. कूलरला वाळ्याचा ओला वास,
आणि भिंतीला टेकून
ओळीनं मिटलेली माणसं.

अकराला फाईल आली:
गोतमारे इंदुमती, वय एकोणऐंशी, डावा डोळा.
नाव मी दोनदा वाचलं.
इतवारीत काय, पैशाला पासरी गोतमारे.
पण मधल्या बोटाला पेनानं पाडलेला घट्टा होता,
आणि मलपृष्ठावरच्या फोटोतली तीच मान,
कुणी मागून हाक मारल्यासारखी वळलेली.

मी एकोणीसची होते, नर्सिंगचं होस्टेल,
लायब्ररीचं पुस्तक, शिवण उसवलेलं.
पान एकशे बारावर झिबल पोस्टमन
कन्हानचा पूल ओलांडतो,
पिशवीत एक पत्र उरलेलं,
आणि कादंबरी त्याला विसरून जाते.
पुढे दोनशे चाळीस पानं.
नायिकेचं लग्न होतं, मोडतं, सासरा मरतो,
कुणी विचारत नाही, पोस्टमन कुठे गेला बा?

तर मी लिहिलं.
शंभर पानी वही, नाइट ड्युटीत,
टेम्परेचर चार्टखाली दडवून.
त्याला कामठीत सायकलचं दुकान दिलं,
बायको दिली, चंद्रभागा, तिरळी,
जी ते पत्र चुलीत टाकायला निघते
आणि टाकत नाही.
वही अख्ख्या होस्टेलात फिरली.
शालू तिडके म्हणाली,
"कावून वं सुकेशनी, मारत तं नाहीस ना त्याले?"
मेट्रननं जप्त केली, ठेवली आठ दिवस,
परत देताना खालच्या आवाजात म्हणाली, पुढचं कधी?

मग एकदा प्रकाशकाच्या पत्त्यावर टाकली.
नाव घातलं नाही.
पेरलं मी होतं,
सातबारा कुणाच्या नावावर, ते ठाऊक होतं.

"डोकं मागे करा, मॅडम."
पहिला थेंब. दुसरा.

शेजारी घरोटे मास्तर, मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले,
"आवाजावरून ओळखलं. तुम्ही त्या गोतमारे नं?
तीस वर्षं विचारायचं होतं.
तो झिबल कुठं गेला?"

"आहे नं कामठीत," त्या म्हणाल्या.
"सायकलचं दुकान आहे त्याचं.
बायको तिरळी आहे, पण चांगली आहे."

"असं छापलं नाही कुठं!"

"मले कोणीतरी कळवलं होतं."

तिसरा थेंब गालावर गेला.
मी कापसानं पुसला. आणि तोंडातून निघूनच गेलं,
"फार नव्हती हो तिरळी. थोडीशीच."

कूलर घरघरत राहिला.
त्यांनी डोळे उघडले, दोन्ही बाहुल्या
विहिरीएवढ्या मोठ्या झालेल्या,
त्यात मी म्हणजे एक पांढरा ढग असणार, बस.
माझं मनगट धरलं,
नाडी बघावी तसं.

"पत्राचं काय झालं?" त्या म्हणाल्या.
"ते नाही लिहिलंस तू."

बाहेर आठ पेशंट बसलेले.
डॉक्टरांनी बेल दाबली, एकदा, पुन्हा.
"मला कसं माहीत असणार, मॅडम,
पत्र तं तुमचं होतं."

"माझं?" त्या हसल्या, दात नसलेल्या बाजूनं.
"मी तं पिशवी रिकामी दिसू नये
म्हणून टाकलं होतं."

आत जाताना ऑपरेशनच्या कागदावर सही केली,
न दिसता, अंदाजानं.
रेघेवरून घसरत घसरत
ती पार कागदाच्या कडेला गेली,
शेवटचा रे टेबलावर उमटला.

कागद मी फाईलला लावला.
टेबल स्पिरिटनं पुसलं, सवयीनं.
शालू अजून शिव्या देते फोनवर.