दोन इंच

बोगद्यातलं पाणी मीच मोजलं होतं,
वेळूच्या काठीवर खिळ्यानं खुणा करून.
चार फूट दोन इंच.
फाटक बंद केल्यावर रेल्वेनं दिलेला हा रस्ता;
पलीकडे शाळा, दवाखाना, अमळनेरची बस.

हिलाल आप्पांना कागद दिला तेव्हा
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोनदा वाचला,
घडी करून खिशात ठेवला, पेनाशेजारी.

शून्य प्रहर.
ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर आम्ही सतरा जण
आणि दारात बांधलेली कुणाची तरी बकरी.
आप्पा उठले. कोट नवा, बाही जरा लांब.
"सभापती महोदय," आणि मग जपून जपून हिंदी:
"करीब चार फीट पानी."

करीब.

चौथीतली मोगी, सुकलाल भिलची,
चार फुटांत नाक वर ठेवून येते.
वरच्या दोन इंचांसाठी
भावाला शाळा सोडून तिच्यासोबत यावं लागतं.

घंटा वाजली तशी आप्पांची हिंदी सुटली:
"कंबरलगून नही, गळालगून पानी भरस, साहेब,
आम्हना पोरे..."
माईक बंद.
ओठ हलत राहिले. आम्ही ओठांवरून वाचलं सगळं.
छापील नोंदीत तिथं तीन टिंबं आहेत.

रविवारी आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
बोगद्याच्या तोंडाशी उभे राहिले.
"बराबर बोलनू ना मी?"

"हो आप्पा," म्हटलं, आणि काठी हातात दिली.
"फक्त ही खूण आणि ही खूण,
यांच्यामधलं बोलायचं राहिलं."

ते अंगठ्यानं चाचपत राहिले बराच वेळ.
वरून सुरतेची मालगाडी जात होती.