डाग

सोनाराच्या भाषेत डाग म्हणजे दागिना.
‘दोन डाग मोडायचेत’ म्हणत बायका पायरी चढतात,
मी कधी दचकलो नाही.
मंगळवारी दचकलो.
पेढीच्या मागल्या खोलीत, चारशे लिटर समुद्रात,
निळ्या सर्जन माशाच्या शेपटीपाशी
एक डाग.

समुद्र माझ्याच हातचा.
वाघूरचं पाणी तीनदा गाळून
तोलून मीठ घातलेला.
खरा समुद्र जळगावपासून रात्रभराच्या बसइतका लांब,
आणि मे महिन्यात चव्वेचाळीसच्या पाऱ्यात
कूलर माशांना, गिऱ्हाइकाला पंखा.

बुधवारी सात डाग.
मासा दगडाला कूस घासून झटकन वळायचा.
‘मासासले बी खाज येस का रे भो?’
शेजारचा भांडीवाला गोरख हसला.
निताई हसला नाही.
हुगळीचा निताई, बारा वर्षं माझ्याकडे खडे जडवतो,
माशाकडे बघायचा ते जेवणाच्या नजरेनं.
काचेशी वाकून म्हणाला, ‘सेठ, श्वास मोजा.’
मोजला. मिनिटाला एकशे वीस कल्ले.

रात्री दिवे घालवले.
भिंग डोळ्याला, टॉर्च बाजूनं तिरपी.
मिठाच्या कण्यांसारखं दिसलं तर वेळ आहे.
सोन्याची धूळ पेरल्यासारखं दिसलं
तर परवापर्यंत सगळे तळाशी.
तीन पिढ्या आम्ही धुळीतून सोनं वेचलं,
झाडलोटीचा केर झारेकऱ्याला विकला,
पुसायच्या फडक्यातला कणसुद्धा सोडला नाही,
आणि मी त्या पाण्यासमोर उकिडवा बसून पुटपुटत होतो
मीठ असू दे.
बाबा रे, मीठच असू दे.

मीठ होतं.
बहुधा.
याला कसोटीचा दगड नाही.

औषध तांबं.
सोन्यात तांबं किती, यावरच आमची अब्रू टांगलेली,
आता तेच मी पाण्यात मिसळतो आहे
वेगळ्या टाकीत, जिथं ना वाळू ना दगड,
लपायला पाइपचे दोन तुकडे.
मोरचुदाचं पाणी:
लिटरमागे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा तांबं.
कमी पडलं तर किडा जगतो,
जास्त झालं तर मासा जातो.
बावीस कॅरेटला मी इतका घाबरलो नव्हतो.

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा,
लहानपणी पाठ केलेलं कोष्टक.
नीट तोललं तर हा एक मासा
वीस मासे भरेल.

चौथ्या रात्री जोकरांच्या जोडीतला धाकटा गेला.
किड्यानं की माझ्या तांब्यानं, कळलं नाही.
वहीत तारीख लिहिली, कारणाचा रकाना कोरा.

पाचव्या दिवशी निळ्याच्या अंगावरचे डाग गायब.
निताई पेढे आणायला निघाला, मी थांबवला.
हे दुखणं असंच.
पावती न घेता उठून गेलेलं गिऱ्हाईक,
आठवड्यानं परत येतं
आख्खी भावकी घेऊन.
किडा अंगावरून उतरला की तळाशी फोड बांधून बसतो.
म्हणून मोठी टाकी शहात्तर दिवस माशांविना.
दिवे चालू, पंप चालू,
प्रवाळ, गोगली, आणि कुणी नाही.
पायरीवरून लोक विचारतात, मासे कुठं गेले?
मी सांगतो, टाकीचा उपास चाललाय.

लाइट गेली की बॅटरीचा पंप घुरघुरतो,
झोपेतही मला तो ऐकू येतो,
थांबला तर जाग येते.

आज एक्केचाळिसावा दिवस.
परवा चोपड्याच्या एक बाई आल्या,
रुमालातून जुनी पोत काढत म्हणाल्या,
‘एवढा एकच डाग उरलाय हो.’
मी भिंग लावलं,
आणि उगाचच क्षणभर
पोत हलते आहे का ते पाहिलं.

निताई दुकानातच झोपतो.
सकाळी कुलूप काढून शटर ढकलतो तेवढ्यात
आतून आकडा येतो:
ब्याऐंशी.
सोन्याचा भाव मी त्यानंतर विचारतो.