साडेचार व्होल्ट

चियातुरात त्या हिवाळ्यात वीज यायची
घाईतल्या पाहुण्यासारखी, टेकायच्या आत उठून जायची.
खिडकीबाहेर रोपवेचा डबा
दोन डोंगरांच्या मधोमध, सकाळपासून तसाच.
त्यात मुर्मानचे वडील होते, रात्रपाळी संपवून निघालेले.
मुर्मान खिडकीकडे पाठ करून बसला होता.

आम्ही शाळेत येताना एकेक लाकूड आणायचो,
पत्र्याच्या शेगडीची तेवढीच फी.
त्सियाला बाईंच्या हातमोज्यांची टोकं कापलेली,
त्यातून निळसर बोटं.
टेबलावर मांडलं त्यांनी: चपटी बॅटरी, टॉर्चचा दिवा,
वायरचे तुकडे आणि सैन्यातून आलेला काळा मीटर.
त्याच्या आकड्यांखाली आरशाची बारीक पट्टी.
"सुईमागे तिचं प्रतिबिंब लपलं की मगच वाचा.
त्याआधी दिसतो तो तुमच्या मानेचा कोन."

व्होल्ट बघायला काही तोडावं लागत नाही.
दोन टोकांना दोन तारा नुसत्या टेकवायच्या,
शेजारणीने भिंतीला कान लावावा तशा.
साडेचार.
मग दिवा जोडला. सुई मागे सरली.
तीन पूर्णांक नऊ.
"मधले सहा दशांश कुठे गेले?"
कोणी म्हणालं तारेत, कोणी म्हणालं थंडीत.
"तिच्याच पोटात," बाई म्हणाल्या.
"द्यायला लागलं की देणाऱ्याच्या आतही काही खर्च होतं.
रिकामं बसलेल्याचा आकडा लिहू नका."

करंटला मात्र वाट तोडून मध्ये उभं राहावं लागतं.
सगळं आपल्यातून जाऊ द्यायचं आणि अडवायचं नाही.
मुर्मान उठला. यातलं काही त्याने ऐकलं नव्हतं.
मीटर करंटवर ठेवून
तारा सरळ बॅटरीच्याच दोन पट्ट्यांना टेकवल्या.
सुई उजव्या टोकाला आपटली, टच्च,
आणि पडली.
शाळेतला शेवटचा फ्यूज होता तो.

बाई रागावल्या नाहीत.
जुन्या वायरचं टोक दातांनी सोललं,
केसाएवढा एक धागा वेगळा काढून
फ्यूजच्या दोन्ही टोप्यांना गुंडाळला.
"आता हा तुम्हाला वाचवणार नाही," म्हणाल्या,
"तुम्हीच जपायचं. चल, परत लाव."
मुर्मानने परत लावलं, या वेळी दिव्याच्या रांगेत.
तीनशे मिलीअँपिअर.

मी वहीत भागाकार केला: तेरा ओहम.
पडताळायला दिवा बॅटरीपासून सोडवला,
कारण रोध विचारायचा तर वीज काढून विचारायचा,
नाहीतर मीटर खोटं बोलतो, नाहीतर मरतो.
दोन तारा एकमेकींना भिडवून शून्य लावलं.
ओहमची पट्टी उलटी चालते: शून्य उजवीकडे,
पार डावीकडे आडवा पडलेला आठ,
म्हणजे तिथून पुढे वाटच नाही.
सुई दीडवर थांबली.
तेरा नाही. दीड.
मी खोडरबर घेतलं, कागद फाटायला आला,
तेव्हा बाईंनी माझं मनगट धरलं.
"दोन्ही राहू दे. हा निवलेला दिवा, तो जळणारा.
तार तीच. तापली की अडवायला लागते."

चारच्या सुमाराला छतातून गुणगुण आली,
मग खालच्या गल्लीतून आरोळी: आली!
बाकं सरकली, सगळे खिडकीशी.
डबा हलला, थांबला, पुन्हा हलला,
त्याच्या काचेवर कोणीतरी आतून हात पुसला.

मुर्मान तेवढा टेबलाशी.
मीटर अजून ओहमवरच होता.
त्याने लाल तार डाव्या मुठीत धरली, काळी उजव्या,
आणि वाकून आरशाच्या पट्टीत बघत राहिला.
सुई आडव्या आठावरून सुटली,
असायला हवी होती त्यापेक्षा बरीच पुढे आली.
शेगडी केव्हाच विझली होती.
एवढ्या गारठ्यात त्याचे तळवे ओले होते.