मंगळवारचा वाईट माणूस

शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा,
एवढंच माझं काम.
एक दिवस दोल्गोरसुरेनबाई तळघरात उतरल्या,
उजवा गुडघा ओढत, काजळीला न शिवता,
म्हणाल्या, "बाल्जिन्न्याम, मला एक वाईट माणूस हवाय.
दर मंगळवारी, चार ते पाच."
म्हटलं, बघतो जमलं तर.
त्या म्हणाल्या, "उंची पुरेशी आहे."

तेव्हापासून मी अंगावर दोन जाड देल चढवतो, एकावर एक,
डोक्यावर हॉकीचं हेल्मेट,
तुटक्या पट्ट्याच्या जागी बुटाची नाडी.
बाहेर उणे तीस.
उलानबातरच्या टेकड्यांवर तंबूतंबूतून धूर,
इतका, की पोरांना मागून येणारा दिसत नाही,
फक्त बर्फ करकरताना ऐकू येतो.

पहिला धडा मुठीचा नव्हता. आवाजाचा होता.
"बित्गी!" म्हणजे नको, म्हणजे हात लावू नकोस.
"पोटातून," बाई म्हणायच्या,
"घशातून नाही. घसा सर्दीला ठेवा."
मग मनगट सोडवणं:
मूठ केवढीही असो, अंगठ्यापाशी तिला फट असते,
तिकडे वळायचं, तिथून निसटायचं.
आणि निसटलं की पळायचं.
दिव्याकडे, दुकानाकडे, माणसं असतील तिकडे.

तेमूगेला हे पटेना. पळणं म्हणजे हार, तो म्हणाला,
बारा वर्षांचा, छाती पुढे काढून.
बाईंनी पायजमा वर सारला,
गुडघ्यावरची शिवण दाखवली.
"हा मी जिंकून आणलाय," म्हणाल्या.
"आता जिना उतरताना विचारतो, कशाला जिंकलीस."

जोल्झायाचा मात्र आवाजच निघायचा नाही.
नऊ वर्षांची. मी मनगट धरलं, अगदी हलकंच,
की ओल्या हातमोज्यासारखी लोंबायची.
ओठ हलायचे, बस्स.
तीन मंगळवार गेले असे.
बाई रागावल्या नाहीत. "असू दे. आवाज आहे आत.
गेलेला नाही कुठे."

चौथ्या मंगळवारी बाई जमिनीवरच बसल्या.
माझ्याकडे बोट केलं.
"हा हेल्मेटवाला सोपा. लांबून ओळखू येतो.
अवघड तो, ज्याला तुम्ही नावाने हाक मारता.
जो खाऊ देतो.
जो म्हणतो, हे आपल्या दोघांतच ठेव.
त्यालाही नको म्हणता येतं.
म्हणता आलं नाही, तरी चूक तुमची नसते.
मग मला येऊन सांगायचं, कितीही उशिरा."

कुणी हसलं नाही.
हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला ऐकू येत होता.
अर्वाइखेरच्या वसतिगृहात, मी अकरा वर्षांचा असताना,
रात्री कंदील घेऊन फिरणारा एक जण
मला नावाने हाक मारायचा.
एवढंच सांगतो.

बुधवारी सकाळी तळघराच्या दाराशी उभा होतो,
खिशात आरूल, नेहमीसारखं.
सुकवलेलं दही, दगडासारखं;
पोरं गालात धरून दोन तास चघळतात.
आमच्यात दिलेलं कुणी नाकारत नाही,
निदान ओठाला लावून परत देतात.
जोल्झाया आली.
माझ्या तळव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
एक पाऊल मागे सरकली
आणि म्हणाली, "नको."

पोटातून.

खोटं कशाला बोलू, लागलं मला.
चार वर्षं देतोय पोरांना.
मग मूठ मिटली, खिशात घातली,
आणि मीही एक पाऊल मागे सरकलो.
"बरोबर," म्हटलं.
ती गेली. फाटकाशी पोचल्यावर वळून ओरडली,
"मंगळवारी याल ना, वाईट माणूस व्हायला?"
सगळं पटांगण ऐकत होतं.

खाली येऊन बॉयलरचं दार उघडलं.
ते उघडं असलं, की इथलं कुणाला ऐकू जात नाही.
फावडं भिंतीला टेकवलं,
पाय रोवले, बाई सांगतात तसे,
आणि कंदिलवाल्याला एकदा म्हणून पाहिलं,
बित्गी.

पहिल्या खेपेला घशातूनच आला.